आई कालपर्यंत अशी नव्हती

पंचाहत्तरीच्या बाईंचं बोलणं दोन दिवसांत असंबद्ध होतं, भिंतीवर माणसं दिसायला लागतात, रात्रभर त्या कपाटं उघडून काहीतरी शोधत राहतात. घरच्यांना वाटतं, डोक्यावर परिणाम झाला. रुग्णालय ऑकलंडचं असो की पुण्याचं, इमर्जन्सीतला जाणता डॉक्टर मात्र आधी ताप बघतो, रक्त काढायला सांगतो, पोट चाचपतो, लघवी आणि शौच नीट होतंय का ते विचारतो आणि गोळ्यांची पिशवी मागतो. म्हातारपणी एकाएकी फिरलेल्या डोक्यामागे पुष्कळदा शरीराचं दुखणं असतं. वैद्यकात याला डिलिरियम म्हणतात. आपल्या आज्यांच्या पिढीत ‘वात झालाय’ म्हणत, आणि तापात माणूस बरळतं हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

न्यूमोनिया, मूत्रमार्गाचा संसर्ग, रक्तातलं सोडियम उतरणं, साखर खाली-वर होणं, तुंबलेली लघवी, चार दिवसांचा मलावरोध, पाणी कमी पिणं, खुब्याचं ऑपरेशन, नुकतीच सुरू झालेली एखादी गोळी, यातलं काहीही पुरतं. खूण अशी की हे तासांत किंवा दिवसांत सुरू होतं आणि दिवसभरात बदलत राहतं. सकाळी आई नाव-गाव नीट सांगते, संध्याकाळी मुलालाच दीर समजते. एका गोष्टीवर लक्ष ठरत नाही. याचा एक गप्प प्रकारही असतो. त्यात आरडाओरडा नसतो. माणूस नुसतं पडून राहतं, विचारलं तर ‘हं’ म्हणतं, घास तोंडातच धरून ठेवतं. नुकतंच मुंबईहून आलेलं असेल तर प्रवासाचा शीण म्हणून सगळे सोडून देतात. हा गप्प प्रकारच जास्त वेळा नजरेतून सुटतो.

अशा वेळी सगळं एका प्रश्नावर येऊन ठेपतं: हे केव्हापासून? डॉक्टर या बाईंना आयुष्यात पहिल्यांदा बघत असतो. त्या गेल्या आठवड्यात वर्तमानपत्र वाचत होत्या, हिशेब ठेवत होत्या, नातवाला पाढे शिकवत होत्या, हे त्याला कुणी सांगितलं नाही तर समोरची गोंधळलेली म्हातारी त्याला वर्षानुवर्षांच्या स्मृतिभ्रंशाची वाटू शकते. ‘आई कालपर्यंत अशी नव्हती’ हे वाक्य ठामपणे, तारीख-वार सांगून म्हणणं हे घरच्यांचं पहिलं काम. निदान करणं, समजूत घालणं, बरं करणं ही कामं दुसऱ्यांची आहेत. हे काम घरच्यांखेरीज कुणी करू शकत नाही.

गोळ्यांच्या पिशवीबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण परदेशातल्या मराठी घरांत गाडी इथेच अडते. न्यूझीलंडमध्ये येताना डॉक्टरांच्या चिठ्ठीवरची औषधं जास्तीत जास्त तीन महिन्यांची आणता येतात, नियंत्रित औषधं एकाच महिन्याची. भारतात वर्षानुवर्षं ओळखीच्या मेडिकलवाल्याकडून ‘झोपेची अर्धी’ घेणारी मंडळी पुष्कळ. ती अर्धी बहुधा अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपामची असते. गोळ्यांची यादी सांगताना आई ती मोजतही नाही, कारण तिच्या लेखी ते औषधच नसतं. पाकीट संपतं, गोळी एकदम बंद होते, आणि काही दिवसांत हात थरथरू लागतात, घाम फुटतो, झोप उडते, भास होतात, कधी फिट येते. वडिलांच्या संध्याकाळच्या पेगचंही असंच. सुनेसमोर नको म्हणून ते एकदम सोडतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी गोंधळ सुरू होतो. या दोन्ही गोष्टी संकोचापोटी लपवल्या जातात, आणि इमर्जन्सीत नेमक्या त्याच सर्वांत उपयोगी पडतात. रुग्णालयात जाताना गोळ्यांची पाकिटंच बरोबर न्यावीत. भारतातली ब्रँडची नावं इथल्या फार्मासिस्टला कळत नाहीत. खाली बारीक अक्षरांत छापलेलं मूळ औषधाचं नाव कळतं. लघवीच्या, ॲलर्जीच्या किंवा जुन्या नैराश्याच्या काही गोळ्यांनीही वयस्कर माणसाचं डोकं गढुळतं, तेव्हा ‘ही साधीच आहे’ म्हणून एकही घरी ठेवू नये. शाकाहारी घरात बी-१२ तपासायला जरूर सांगावं, थायरॉइडही.

दिवसांत नव्हे तर आठवड्यांत बदललेला माणूस ही वेगळी गोष्ट. उतारवयातलं नैराश्य रडत येईलच असं नाही. ते पोटातून येतं, छातीतून येतं. ‘जीव घाबरतोय’, ‘अंगाची आग होतेय’, ‘डोकं बधिर झालंय’, ‘कशाला चवच नाही’. तपासण्या सगळ्या ठीक येतात आणि घरातले वैतागतात. विसरभोळेपणा इतका वाढतो की स्मृतिभ्रंशच वाटावा. फरक असा की नैराश्यातलं माणूस आपल्या विसरण्याची तक्रार स्वतःच करतं आणि ‘मला नाही आठवत’ म्हणून प्रयत्नच सोडून देतं. नैराश्य फार गडद झालं तर त्याचं भ्रमात रूपांतर होतं. माझं आतडं सडलंय, आपल्यावर कर्ज झालंय, पोलीस येणार आहेत, अशा गोष्टी आई शपथेवर सांगू लागते. तिथे समजावून उपयोग नसतो. अशा अवस्थेवर, विशेषतः खाणंपिणं सुटलं असेल तर, भूल देऊन केलेली विजेची उपचारपद्धती, ज्याला आपण ‘शॉक’ म्हणतो ती ईसीटी, फार गुणकारी ठरते. हिंदी सिनेमानं या उपचाराची जी भीती घातली तिच्यापायी किती घरांनी तो नाकारला असेल, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

आणि मग ते वाक्य: ‘आता देवानं न्यावं.’ आपल्याकडे हे वाक्य समाधानानंही म्हटलं जातं. दिवेलागणीला जपमाळ ठेवताना कित्येक आज्यांनी ते वर्षानुवर्षं म्हटलंय आणि दुसऱ्या दिवशी उठून लोणचं घातलंय. पण हे बोलणं नवं असेल, त्याच्या जोडीला खाणं कमी झालं असेल, दागिने वाटून टाकणं सुरू झालं असेल, गोळ्या साठवलेल्या सापडल्या असतील, ‘मी गेले की तुम्ही सुटाल’ असं म्हटलं जात असेल, तर थेट विचारायचं. ‘आई, स्वतःच्या जिवाचं काही बरंवाईट करावं असं मनात येतं का?’ विचारल्यानं ती कल्पना डोक्यात शिरत नाही. उलट कुणीतरी विचारलं याचाच पुष्कळांना आधार वाटतो. उत्तर होकारार्थी असलं किंवा आई नुसतीच गप्प राहिली, तर घरातल्या गोळ्या कुलपात टाकायच्या, तिला एकटं सोडायचं नाही आणि त्याच दिवशी मदत मागायची.

संशयाचं दुखणं याहून अवघड. सुनेनं जेवणात काही घातलं, शेजारी रात्री घरात येतात, माझ्या पाटल्या गेल्या. स्मृतिभ्रंशात चोरीचा संशय फार सापडतो, कारण ठेवलेलं आठवत नाही आणि न सापडण्याला काहीतरी कारण तर हवं असतं. ऐकू कमी येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांत संशय वाढतो हेही मानसोपचारतज्ज्ञांना माहीत आहे. दिवसभर इंग्रजी बोलणाऱ्या घरात, अर्धवट ऐकू येणाऱ्या कानांनी बसलेल्या आजोबांना आपल्याविषयीच कुजबुज चाललीये असं वाटलं तर त्यात नवल नाही. दिसणाऱ्या गोष्टींचंही तसंच. नजर खूप अधू झालेल्या शहाण्यासुरत्या माणसाला केवळ डोळ्यांमुळे चित्रं, माणसं दिसू शकतात. उलट स्पष्ट भास, अडखळती ताठर चाल आणि दिवसागणिक बदलणारी शुद्ध हे सगळं एकत्र दिसत असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावं. ल्यूई बॉडी नावाच्या स्मृतिभ्रंशात भास थांबवायची काही औषधं घातक ठरतात. आणि हो, संशय आधी पडताळून बघावा. कधी कधी पैसे खरंच गेलेले असतात, पासपोर्ट खरंच कुणीतरी काढून ठेवलेला असतो. वृद्धांच्या छळाच्या तक्रारींसाठी न्यूझीलंडमध्ये ०८०० ३२ ६६८ ६५ हा मोफत नंबर आहे, तो आई-वडिलांनाही ठाऊक हवा.

तर न्यूझीलंडमध्ये फोन कुणाला करायचा? जिवाला धोका असेल, कुणी जखमी असेल, शुद्ध हरपत असेल तर १११. मनाचा झटका आहे पण त्या क्षणी जिवावर बेतलेलं नाही, अशा वेळी त्या भागातल्या सरकारी आरोग्यसेवेची मानसिक आरोग्याची क्रायसिस टीम, जी चोवीस तास फोनवर असते. तिचा नंबर जिल्ह्यागणिक वेगळा असतो, तो आजच शोधून फ्रिजवर लावून ठेवावा. १७३७ वर केव्हाही मोफत फोन किंवा मेसेज करून समुपदेशकाशी बोलता येतं, आणि हा नंबर मुलांसाठीही आहे. शरीराचं आहे की मनाचं हे कळेनासं झालं तर हेल्थलाइन, ०८०० ६११ ११६. पोलिसांवर मात्र पूर्वीइतकं विसंबू नये. नोव्हेंबर २०२४ पासून न्यूझीलंडच्या पोलिसांनी मानसिक आजाराच्या हाकेला जाणं टप्प्याटप्प्यानं कमी केलंय. तातडीचा धोका किंवा गुन्हा नसेल तर ते काम आरोग्यसेवेचं, अशी त्यांची भूमिका आहे.

पैशांचा प्रश्न मराठी घरात दबक्या आवाजात बोलला जातो, तो इथे मोकळेपणी सांगते. आई-वडील रेसिडेंट असतील तर सरकारी रुग्णालयातले उपचार मोफत. व्हिजिटर व्हिसावर असतील तर तातडीचे उपचार नाकारत नाहीत, पण बिल येतं. पडून हाड मोडलं तर एसीसी ही अपघात योजना पाहुण्यांनाही लागू होते, मनाचा आजार सहसा तिच्यात बसत नाही. २९ सप्टेंबर २०२५ पासून आई-वडिलांसाठी पाच वर्षांचा पेरेंट बूस्ट व्हिसा सुरू झाला, त्यात आरोग्य विमा सक्तीचा आहे. ती पॉलिसी घेतानाच मानसिक आजार आणि आधीपासूनचे आजार तिच्यात धरलेत की वगळलेत ते वाचावं. डिलिरियम मात्र बिलाच्या विचारानं थांबत नाही. एक रात्र वाट बघण्यानं बिल कमी होण्याऐवजी वाढतंच.

रुग्णालयात पोचल्यावर मुलगा किंवा मुलगी आपोआप दुभाषी होते. हे टाळावं, असं माझं ठाम मत आहे. आई पाच मिनिटं बोलते आणि मुलगा डॉक्टरांना सांगतो, ‘ती म्हणते, झोप लागत नाही.’ मधल्या पाच मिनिटांत तिनं मरणाचं काढलेलं असतं, सुनेवर आळ घेतलेला असतो, स्वतःला पापी म्हटलेलं असतं. मुलाला ते बोलवत नाही, त्याचं चुकतंय असंही म्हणता येणार नाही. शिवाय जी गोष्ट आईला मुलापासूनच लपवायची आहे, ती मुलाच्या तोंडून कशी सांगेल? न्यूझीलंडमध्ये १९९६ पासून रुग्णांच्या हक्कांची संहिता आहे. तिच्यातल्या दहा हक्कांपैकी पाचवा संवादाचा आहे: गरज असेल आणि शक्य असेल तिथे कुशल दुभाषी मिळायला हवा. तो मागावा लागतो. ‘आमच्या मराठी मंडळातलं कुणी निघालं तर?’ ही भीती खोटी नाही, आपला समाज इथे लहान आहे. फोनवरचा, दुसऱ्या शहरातला दुभाषी मागता येतो, आणि गुप्तता पाळणं त्याच्यावर बंधनकारक असतं. हिंदी दुभाषी चालेल का असं विचारतील. बाजारहाटापुरतं हिंदी येणाऱ्या आईला दुखणं मात्र मराठीतच सांगता येतं, म्हणून आधी मराठीचाच आग्रह धरावा. मुलानं खोलीत बसावंच, पण स्वतःला जे दिसलं ते सांगण्यासाठी.

ते सांगणं कागदावर असेल तर फार बरं. बदल केव्हा दिसला, झोप, जेवण, पडणं-झडणं, गोळ्या, दारू, आई जे बोलली ते तिच्याच शब्दांत, आणि पूर्वी कधी असं झालं होतं का. या शेवटच्या रकान्यात मराठी कुटुंबं अडखळतात. ‘धाकट्याच्या बाळंतपणानंतर ती चार महिने माहेरी होती’ एवढंच मुलांना माहीत असतं. मावशीला विचारलं की कळतं, तेव्हा मिरजेला उपचार झाले होते. चाळीस वर्षांपूर्वीची ती हकीकत आज निदान बदलू शकते, आणि तेव्हा ज्या औषधानं गुण आला तेच पुन्हा देता येतं. डॉक्टर गुप्ततेच्या नियमामुळे तुम्हाला सगळं सांगणार नाहीत, पण तुम्ही सांगाल ते ऐकायला त्यांना कुठलाही नियम आड येत नाही. हा फरक लक्षात न आल्यानं कितीतरी नातेवाईक रागावून गप्प बसतात.

आई उपचारच नको म्हणाली तर? इथे कायदा येतो, आणि तो तसा का आहे हे कळण्यासाठी थोडं मागं जावं लागतं. डनीडनजवळच्या सीक्लिफ वेड्यांच्या इस्पितळात ८ डिसेंबर १९४२ च्या रात्री आग लागली. कुलूपबंद वॉर्डातल्या ३७ स्त्रिया मेल्या. त्याच सीक्लिफमध्ये पुढे लेखिका जॅनेट फ्रेम यांच्या मेंदूवर शस्त्रक्रिया व्हायची होती, ती त्यांच्या पहिल्या कथासंग्रहाला पुरस्कार मिळाल्यामुळे टळली. माणसाला डांबून ठेवण्याचा अधिकार किती सांभाळून द्यायचा, हे हा देश अशा प्रकारे शिकला आहे. १९९२ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार सक्तीची तपासणी करायची तर मनाची अवस्था इतकी बिघडलेली हवी की स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला, आरोग्याला गंभीर धोका आहे किंवा स्वतःची काळजी घेण्याची क्षमता फार खालावली आहे. नुसतं हट्टी असणं, विचित्र वागणं पुरत नाही. केवळ स्मृतिभ्रंशासाठी हा कायदा सहसा वापरत नाहीत.

अर्ज अठरा वर्षांवरची कुणीही व्यक्ती करू शकते, फक्त तिनं गेल्या तीन दिवसांत रुग्णाला पाहिलेलं हवं. सोबत वैद्यकीय दाखला लागतो. या कामासाठी नेमलेला अधिकारी, ड्यूली ऑथराइज्ड ऑफिसर, मदत करतो. पहिल्या तपासणीनंतर पाच दिवसांपर्यंत, मग चौदा दिवसांपर्यंत उपचार आणि निरीक्षण, आणि त्यापुढे न्यायाधीशाचा आदेश. मधल्या काळात रुग्ण स्वतः न्यायाधीशाकडे दाद मागू शकतो. हक्कांवर लक्ष ठेवायला डिस्ट्रिक्ट इन्स्पेक्टर म्हणून वकील नेमलेले असतात. घरच्यांशी सल्लामसलत करणं शक्यतो बंधनकारक आहे, रुग्णाच्या संस्कृतीचा मान राखणंही. एक बारकावा सांगते. अर्जावर सही मुलाची असली तर ‘माझ्याच मुलानं मला अडकवलं’ हा सल राहतो. अर्ज अधिकारी किंवा दुसरं कुणी करू शकेल का, असं विचारावं. तशी सोय होऊ शकते.

घरच्यांना इतकं मानाचं स्थान देण्यामागे माओरी विचारही आहे. मेसन ड्यूरी या माओरी मानसोपचारतज्ज्ञांनी १९८० च्या दशकात आरोग्याचं चार भिंतींचं घर मांडलं: शरीर, मन, आत्मा आणि व्हानाउ, म्हणजे गोतावळा. यातली एक भिंत ढळली तरी घर डळमळतं. इथल्या नर्सेसना हे शिकवलेलं असतं. म्हणून आईला देव्हाऱ्यातला गणपती उशाशी हवा, संध्याकाळी हरिपाठ ऐकायचाय, वरणभात घरचा हवा, हे सांगायला लाजू नये.

भावंडांमध्ये एकानंच रुग्णालयाशी बोलावं. पुण्याचं घड्याळ ऑकलंडच्या मागे साडेसहा-साडेसात तास. सकाळी डॉक्टर येतात तेव्हा तिकडचा थोरला भाऊ झोपलेला असतो आणि इथल्या दुपारी उठून वेगळंच मत देतो. बहुतेक घरांत तो एक प्रस्ताव हमखास मांडतो: तिला इकडं पाठव. झटका चालू असताना लांबचा विमानप्रवास करू नये. झोपमोड, कमी पाणी, चुकलेल्या गोळ्या यांनीच डिलिरियम उफाळतो. तब्येत स्थिरावल्यावर मात्र, ‘तुला कुठं राहायचंय?’ हे तिला खरोखर विचारावं. गाडी येत नाही, बस कळत नाही, आठ ते सहा रिकामं घर, खिडकीतून दिसणारा निर्मनुष्य रस्ता, ही ऑकलंडच्या फ्लॅट बुश किंवा ऑल्बनीतल्या कितीतरी आई-वडिलांची दिनचर्या आहे. औषधानं झोप येईल, ही पोकळी भरणार नाही. ऑकलंडमध्ये शांती निवास ही संस्था दक्षिण आशियाई ज्येष्ठांसाठी काम करते, एशियन फॅमिली सर्व्हिसेसकडे हिंदीतूनही समुपदेशन मिळतं, मराठी मंडळं आहेत. यलो ब्रिक रोड ही संस्था रुग्णाच्या घरच्यांसाठी आहे. आई-वडील महाराष्ट्रातच असतील तर तिथे टेलि-मानसचा १४४१६ हा नंबर आहे.

घरी सोडल्यानंतरचे पहिले आठवडे सर्वांत जपण्याचे. आत्महत्येचा धोका याच काळात वाढलेला असतो. म्हणून निघण्याआधी लेखी योजना मागावी: पुढची भेट कुठल्या तारखेला, गोळ्या कोणत्या बदलल्या, रात्री बिघडलं तर कुणाला फोन.

आणि आई पूर्ण भानावर आली, की वकिलाकडे जायचं. न्यूझीलंडमध्ये नवरा किंवा मुलगा असल्यानं कुणाच्या वतीनं सही करण्याचा अधिकार आपोआप मिळत नाही. १९८८ च्या कायद्याप्रमाणे एन्ड्युअरिंग पॉवर ऑफ अटर्नी करावी लागते, एक देखभालीसाठी आणि एक मालमत्तेसाठी. ती निर्णयक्षमता शाबूत असतानाच करता येते. नाहीतर कौटुंबिक न्यायालयाकडून पालक नेमून घ्यावा लागतो, आणि त्याला वेळ लागतो, पैसे लागतात. कुणाला नेमायचं हे आईनं ठरवायचं. तिनं धाकट्या लेकीचं नाव घेतलं तर थोरल्यानं रुसू नये. वकील तिच्याशी एकटीशी बोलेल, तेव्हा मुलांनी बाहेर थांबायचं, आणि तिथंही दुभाषी लागला तर तो घरचा नको.